प्रश्नोत्तरे : कायद्यातील पीएच.डी.साठी अर्ज करताना

कायद्यातील डॉक्टरेटसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे गेले काही महिने सातत्याने येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे व खासगी तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी एलएल.एम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा’ या विषयावर वीस पानांचा संशोधन आराखडा तयार करून दोन विद्यापीठांकडे पाठवला. दोन्हीकडून नकार आला. विषय इतका नवा आणि महत्त्वाचा असताना असे का व्हावे? आराखडा सोबत जोडला आहे.

उत्तर : आराखडा वाचला. पहिली नऊ पाने संगणकाच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासाला दिली आहेत, पुढची सहा निरनिराळ्या देशांच्या धोरणांच्या यादीला, आणि उरलेल्या पानांत ‘या विषयाचा सखोल अभ्यास करण्याचा मानस आहे’ हेच वाक्य वेगवेगळे कपडे घालून येते. तुमची मेहनत दिसते. मात्र तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे, हे वीस पाने वाचूनही कळत नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा’ ही पाटी ग्रंथालयातल्या एखाद्या कपाटावर शोभेल. प्रवेश समितीला मात्र त्या कपाटासमोर उभे राहून तुम्ही कोणते कोडे घेऊन आला आहात, हे जाणून घ्यायचे असते.

तुमच्याच क्षेत्रातले एक उदाहरण घेऊ. स्टीफन थेलर या अमेरिकी संशोधकाने ‘डाबस’ नावाच्या आपल्या संगणकीय प्रणालीला शोधकर्ता म्हणून दाखवून अनेक देशांत पेटंटचे अर्ज केले. दक्षिण आफ्रिकेत २०२१ मध्ये पेटंट मिळाले. पण तेथे अर्जाची सखोल तपासणी होत नाही, केवळ औपचारिक बाबी पाहिल्या जातात. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टातील एका न्यायाधीशांनी असे म्हटले की ‘इन्व्हेंटर’ हे कर्तृवाचक नाम आहे आणि कर्ता जसा माणूस असतो तशी वस्तूही असू शकते. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा निर्णय फिरवला. अमेरिकेतील फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये पेटंट कायद्यातील ‘इंडिव्हिज्युअल’ या एका शब्दावर बोट ठेवून अर्ज फेटाळला, तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये १९७७ च्या पेटंट कायद्यानुसार शोधकर्ता ही नैसर्गिक व्यक्तीच असली पाहिजे आणि यंत्राची मालकी असल्याने यंत्राच्या ‘शोधा’वर आपोआप हक्क येत नाही, असे ठरवले.

अखेरचा निकाल बहुतेक ठिकाणी सारखाच लागला, परंतु तेथवर जाणाऱ्या वाटा निराळ्या आहेत. कोणी व्याकरणाचा आधार घेतला, कोणी व्याख्येतल्या एका शब्दाचा, तर कोणी हक्क एका हातातून दुसऱ्या हाती जाण्याच्या संपूर्ण रचनेचा. येथून संशोधनाचा प्रश्न निघतो : कायदा लिहिला गेला त्या काळी अस्तित्वातच नसलेल्या कर्त्याविषयी कायदा मौन बाळगून असेल, तर न्यायालये शब्दार्थ, हेतू आणि हक्क-हस्तांतराची साखळी यांपैकी कशाकडे वळतात, आणि ही निवड कोणत्या सुसंगत तत्त्वावर होते की होत नाही? हा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा उचलावा, अशी माझी अपेक्षा नाही (उचललात तर मुलाखतीत अडचणीत याल). फक्त कपाटापासून कोड्यापर्यंतचे अंतर किती असते, ते यातून लक्षात यावे.

स्वतःचा प्रश्न तपासून पाहण्याची माझी एक साधी रीत आहे. प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या एका वाक्यात तो लिहावा आणि त्याला दोन जाणकार माणसे परस्परविरोधी उत्तरे प्रामाणिकपणे देऊ शकतील का, ते पाहावे. ‘ग्राहकांच्या माहितीचे संरक्षण झाले पाहिजे का?’ याला कोणीही ‘नाही’ म्हणणार नाही, म्हणून त्यात संशोधनाजोगे काही नाही. त्यानंतर या उत्तरासाठी कोणती सामग्री लागेल आणि ती तुम्हाला मिळू शकेल का, याचा विचार करावा. लवादाचे निवाडे बहुधा गोपनीय असतात. ज्याचा सारा भर अशा निवाड्यांवर आहे, त्याने ते कोठून मिळवणार हे आराखड्यातच सांगितले पाहिजे.

‘या विषयावर आजवर अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य तुमच्या आराखड्यात चार वेळा आले आहे. पहिली गोष्ट, ते क्वचितच खरे असते. दुसरी, खरे असले तरी पुरेसे नसते, कारण ज्या गोष्टी अभ्यासण्याजोग्या नाहीत त्यांचाही अभ्यास झालेला नसतो. पूर्वसाहित्याचा आढावा म्हणजे वाचलेल्या ग्रंथांची हजेरी नव्हे. अमक्या अभ्यासकाचे म्हणणे येथपर्यंत पटते, येथून पुढे पटत नाही आणि माझा प्रश्न नेमका त्या सांध्यावर उभा आहे, असे त्यातून दिसायला हवे. अशी दोन पाने तुमच्या पंधरा पानांच्या इतिहासापेक्षा वजनदार ठरतील. विद्यापीठाने शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा, आणि दिली नसली तरी प्रश्न पहिल्या परिच्छेदात येऊ द्या, कारण समितीतील बहुतेक जण पहिले पान लक्षपूर्वक वाचतात आणि पुढची पाने त्या पानावरून झालेल्या मतानुसार चाळतात.

प्रश्न : मी बारा वर्षे वकिली करीत आहे. दिवाणी दाव्यांपूर्वी सक्तीची मध्यस्थी हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, हे मला शोधप्रबंधातून सिद्ध करावयाचे आहे. माझ्याकडे शेकडो प्रकरणांचा अनुभव आहे. वकिलीचा अनुभव प्रवेशासाठी उपयोगी पडेल का?

उत्तर : पडेल, परंतु तुमच्या पत्रातील ‘सिद्ध करावयाचे आहे’ हे शब्द आराखड्यात उतरले तर तोच अनुभव आड येईल. वकिलांचे अर्ज वाचताना हा दोष मला वारंवार दिसतो. आराखड्याची कैफियत झालेली असते. निष्कर्ष अगोदर ठरलेला असतो, अनुकूल निवाडे ठळकपणे मांडलेले असतात आणि प्रतिकूल निवाडे एका तळटीपेत ढकललेले असतात. न्यायालयात प्रतिकूल निवाडे मांडायला समोर दुसरा वकील उभा असतो. प्रबंधात त्याचेही काम तुम्हालाच करावे लागते.

तुमचा विषय चांगला आहे. इटलीने २०१० च्या एका आदेशान्वये काही प्रकारच्या दिवाणी वादांत दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची केली. २०१२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली, पण मध्यस्थी वाईट म्हणून नव्हे. संसदेने सरकारला दिलेल्या अधिकाराची मर्यादा सरकारने ओलांडली होती, म्हणून. २०१३ मध्ये काही बदल करून सक्ती परत आणली गेली. सक्ती आली, गेली आणि पुन्हा आली, असा तीन टप्प्यांचा काळ एकाच न्यायव्यवस्थेत सापडणे ही संशोधकाच्या दृष्टीने मोठी संधी आहे. भारतात व्यावसायिक न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीविषयीचे कलम १२-अ आले आणि ते बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केले. इंग्लंडमध्ये २००४ च्या हॅल्सी निकालातील सक्तीविरोधी विधान अपील न्यायालयाने २०२३ मध्ये चर्चिल प्रकरणात बंधनकारक मानले नाही. या सगळ्याकडे पाहून ‘सक्ती कोणत्या प्रकारच्या वादांत तडजोडीला मदत करते आणि कोणत्या वादांत ती केवळ एक पायरी वाढवते?’ असे विचारलेत, तर बारा वर्षांचा अनुभव तुमच्या बाजूने बोलू लागेल, कारण वादांचे प्रकार तुम्ही जवळून ओळखता.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पक्षकारांची कागदपत्रे ही संशोधनाची सामग्री म्हणून तुमच्या मालकीची नाहीत. त्यांचा उपयोग करावयाचा असल्यास त्यांची संमती, ओळख लपविण्याची व्यवस्था आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी, या तिन्हींचा उल्लेख आराखड्यात यायलाच हवा.

प्रश्न : कायद्याच्या संशोधनात प्रश्नावली आणि सर्वेक्षण आवश्यक असते का? आमच्या परिचयातील एक प्राध्यापक म्हणतात की आकडेवारी नसलेल्या आराखड्याला कोणी विचारत नाही.

उत्तर : आवश्यक नसते. साधन प्रश्नानुसार ठरते. कायदा काय आहे, तो आतून सुसंगत आहे का आणि त्याचा अर्थ कसा लावावा, असे विचारणाऱ्याने संविधाने, अधिनियम, निवाडे आणि विधिमंडळातील चर्चा वाचाव्यात. यालाच डॉक्ट्रिनल संशोधन म्हणतात आणि कायद्यातील उत्तम प्रबंधांचा मोठा भाग याच पद्धतीचा आहे. कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, असे विचारणाऱ्याला मात्र न्यायालयात बसावे लागते, नोंदी तपासाव्या लागतात, माणसांशी बोलावे लागते. शंभर वकिलांना ‘कायद्यात सुधारणा हवी असे आपणांस वाटते का?’ असे विचारून ब्याऐंशी टक्के होकार मिळवणे ही तिसरी पद्धत आजही फार प्रचलित आहे. तिच्यातून कोणालाही काही कळत नाही.

तुलनात्मक पद्धतीविषयीही अनेकांनी विचारले आहे. तीन देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून तीन प्रकरणे लिहिली की तुलना झाली, असा समज आहे. तेच तीन देश का, हे सांगता आले तरच ती तुलना. संविधानाच्या मूलभूत संरचनेचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही संविधानाचा गाभा बदलता येत नाही हा, सिद्धान्त घ्या. भारतात तो १९७३ मध्ये केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने मांडला. बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८९ मध्ये आठव्या घटनादुरुस्तीच्या प्रकरणात स्वीकारला. केनियात खालच्या दोन न्यायालयांनी स्वीकारलेला हाच सिद्धान्त तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये बहुमताने नाकारला. दोन होकार आणि एक नकार अशी निवड येथे आपले कारण बरोबर घेऊन येते : एकाच कुळातील न्यायव्यवस्था एक सिद्धान्त कोणत्या परिस्थितीत दत्तक घेते आणि कोणत्या परिस्थितीत परत पाठवते? केनियाचे २०१० चे संविधान दुरुस्तीसाठीच निरनिराळ्या मार्गांची तरतूद करते. उत्तराचा एक धागा तेथे असू शकतो. ज्या देशाची भाषा येत नाही, तेथील निवाडे भाषांतरातून वाचून तुलना करण्याच्या फंदात शक्यतो पडू नये.

प्रश्न : मार्गदर्शक मिळावा म्हणून मी चाळीस प्राध्यापकांना ई-मेल पाठवले. दोघांनी उत्तर दिले, तेही नकाराचे. आता काय करावे?

उत्तर : चाळीस जणांना एकच पत्र पाठवले असणार, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते. ‘आपण या क्षेत्रातील नामवंत तज्ज्ञ आहात’ हे वाक्य चाळिसांनाही लागू पडते, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही. तुमच्या प्रश्नाच्या जवळपास काम करणारे चार-पाच जण शोधा, प्रत्येकाचे निदान दोन लेख नीट वाचा आणि मगच लिहा. पत्र एका पानाचे असावे : तुमचा प्रश्न दोन वाक्यांत, त्यांच्या लेखातील कोणत्या मुद्द्याशी तो जोडलेला आहे हे तीन-चार वाक्यांत, तुमची पार्श्वभूमी थोडक्यात, आणि या वर्षी ते नवे विद्यार्थी घेणार आहेत का, ही सरळ विचारणा. एका विद्यार्थ्याने माझ्याच एका लेखातील तर्काची चूक दाखवून सभ्यपणे मार्गदर्शनाची विनंती केली होती. चूक खरोखरच होती आणि मी त्याला त्याच दिवशी उत्तर पाठवले.

नकाराचा अर्थ दर वेळी आराखडा वाईट असा होत नाही. मार्गदर्शकाकडे जागाच नसतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार यांपेक्षा अधिक संशोधक घेता येत नाहीत, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवे संशोधक घेण्याची मुभा नाही. जर्मनीत अनेक ठिकाणी विद्यापीठाकडे जाण्याअगोदर प्राध्यापकाचा होकार मिळवणे हीच पहिली पायरी असते. ब्रिटनमधील काही विद्यापीठे मात्र आधी रीतसर अर्ज घेतात आणि मार्गदर्शक नंतर नेमतात. ज्या विद्यापीठाची जी रीत असेल ती त्याच्या संकेतस्थळावर लिहिलेली असते. ती न वाचता पत्र लिहिणाऱ्याला उत्तर न येणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : जे.डी., एस.जे.डी., डी.फिल., एलएल.डी. या पदव्यांत फरक काय? यांपैकी पीएच.डी.च्या बरोबरीची कोणती?

उत्तर : अमेरिकेतील जे.डी. ही नावात ‘डॉक्टर’ असूनही वकिलीसाठीची पहिली व्यावसायिक पदवी आहे, संशोधनाची नव्हे. तेथील संशोधन पदवी म्हणजे एस.जे.डी. किंवा जे.एस.डी.; ती सामान्यतः एलएल.एम. नंतर केली जाते आणि काही विद्यापीठे आपल्याच एलएल.एम. धारकांना प्राधान्य देतात, तेव्हा थेट अर्ज करण्यापूर्वी ही अट पाहून घ्यावी. डी.फिल. हे ऑक्सफर्डचे पीएच.डी.चेच नाव आहे. तेथील कायद्याचा प्रबंध पंचाहत्तर हजार ते एक लाख शब्दांचा असतो. एलएल.डी.च्या बाबतीत फसगत होण्याचा संभव अधिक, कारण काही देशांत ती संशोधन पदवी आहे, काही ठिकाणी दीर्घ प्रकाशित कार्यासाठी दिली जाणारी उच्च पदवी आहे आणि बऱ्याच ठिकाणी सन्माननीय पदवी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये दिलेली एलएल.डी. सन्माननीय होती; त्यांच्या संशोधनाच्या डॉक्टरेट अर्थशास्त्रातील होत्या.

भारतातील किमान अटींविषयी विचारणाऱ्यांसाठी : पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्ग व दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत, किमान बारा श्रेयांकांचा कोर्सवर्क आणि नोंदणीपासून किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे. अर्धवेळ नोंदणीला परवानगी आहे. नोकरीत असलेल्यांना संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

प्रश्न : शिफारसपत्र एका निवृत्त न्यायमूर्तींकडून मिळू शकते. त्यांची व माझी एका परिसंवादात भेट झाली होती. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. ‘अर्जदार सुस्वभावी व होतकरू आहेत’ या तीन ओळी कितीही मोठ्या पदावरील व्यक्तीने लिहिल्या तरी समितीला त्यांतून काही मिळत नाही. तुमचा एलएल.एम.चा लघुप्रबंध ज्यांनी ओळ न् ओळ तपासला, त्या अध्यापकांकडे जा. दुसऱ्या मसुद्यात तुम्ही आपला मूळ युक्तिवाद स्वतःहून मोडून नव्याने बांधलात, एवढे एक वाक्य त्यांनी लिहिले तरी ते पुरेसे बोलके असते.

प्रश्न : एक खासगी सल्लागार संस्था शुल्क घेऊन संपूर्ण आराखडा लिहून देते. आजकाल संगणकीय साधनेही काही मिनिटांत मसुदा तयार करून देतात. भाषा माझी कच्ची आहे. यात गैर काय?

उत्तर : भाषा तपासून घेण्यात गैर काही नाही, त्यासंबंधी विद्यापीठाचे नियम असतील तर ते पाळावेत आणि मदतीचा उल्लेख करावा. विचार विकत घेण्यात मात्र गैर आहे, आणि नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी ते अडचणीचे आहे. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर झू गुटेनबर्ग यांची कायद्यातील डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने फेब्रुवारी २०११ मध्ये रद्द केली, कारण प्रबंधातील अनेक उतारे मूळ लेखकांचा उल्लेख न करता घेतले असल्याचे उघड झाले होते. काही दिवसांतच, १ मार्च रोजी, त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. वाचकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन त्या प्रबंधाची पाने मूळ मजकुरांशी ताडून पाहिली होती. यंत्राने लिहिलेल्या मसुद्यांत तर याहून वेगळा धोका असतो : अस्तित्वात नसलेले निवाडे खऱ्या निवाड्यांच्या थाटात उद्धृत झालेले असतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयाने अशा कपोलकल्पित निवाड्यांबद्दल वकिलांना दंड केला. प्रवेश समितीतील एखाद्या सदस्याने तुमच्या तळटिपांतील एकच निवाडा उघडून पाहायचे ठरवले, तर काय होईल याची कल्पना करा.

मुलाखतीचा प्रश्न तर उरतोच. तेथे बहुधा सुरुवातीलाच विचारले जाते की हा प्रश्न तुम्हाला कसा सुचला. एका उमेदवाराने सांगितले होते की प्रशिक्षणार्थी असताना एकाच आठवड्यात दोन न्यायालयांनी एकाच कलमाचा विरुद्ध अर्थ लावलेला तिने पाहिला आणि घरी जाऊन त्या कलमाचा मूळ मसुदा शोधला. तिची भाषा अडखळत होती, दोन शब्द तिला आठवेनात, ते समितीनेच पुरवले. पुढची पंचवीस मिनिटे त्या मूळ मसुद्यावर चर्चा झाली, आणि तिच्या भाषेविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही.